केबीचं स्वप्न आणि पारडीचं दार

रुपराव गोतमारे यांना आयुष्यात कधी स्वप्न पडलं नव्हतं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं, आणि या बाबतीत दुसऱ्या कुणाची साक्ष काढायची सोय नसते. पारडीतल्या त्यांच्या घराशेजारून भंडाऱ्याकडे जाणारे ट्रक गडगडत जात, आणि रुपराव त्या गडगडाटात पोतं टाकल्यासारखे झोपत. सकाळी उठले की मधला सगळा वेळ कुणीतरी कापून नेल्यासारखा. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. कापून नेलेल्या मालात काय होतं हे ठाऊक नसलं, तर नुकसान कशाचं मानायचं?

कळमन्याच्या फळबाजारात ते एका अडत्याकडे हर्रास पुकारायचे. पुढ्यात संत्र्याचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं. कुणी बोट हलवतो, कुणी भुवई उडवतो, कुणी नुसता खाकरतो. त्यातली बोली हेरायची आणि खच्चून ओरडायची, हे पुकारणाऱ्याचं काम. स्वतःचा आकडा उच्चारायची त्याला मुभा नाही. त्यामुळे रुपराव जन्मभर सगळ्यांत मोठ्या आवाजात दुसऱ्यांचंच बोलत आले. "बोली कानातून आत जाते अन् तोंडातून बाहेर येते," ते सांगत. "मधात मुक्काम नाही."

त्यांच्या बायकोचा, गोपिकाबाईंचा, प्रकार नेमका उलटा. त्यांना रोज स्वप्न पडे आणि ते त्या रोज सकाळी चहाबरोबर नवऱ्याला सांगत. अगदी पहिल्यापासून, कोण आलं, काय नेसलं होतं, मधेच म्हैस कशी झाली. रुपराव दुपट्टा खांद्यावर टाकत "हं" म्हणत. पायात चपला घालताना दुसरं "हं" म्हणत. तिसरं फाटकाबाहेरून ऐकू येई.

"तुमाले कसं काही दिसत नाही हो?" गोपिकाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"डोये मिटल्यावर काय दिसन?"

मागच्या फाल्गुनात गोपिकाबाई गेल्या. त्यानंतर रुपरावांच्या ध्यानात आलं की, एवढ्या संसारात ऐकलेल्या त्या शेकडो स्वप्नांपैकी एकसुद्धा आपल्याला आठवत नाही. म्हैस तेवढी आठवत होती, पण ती कोणाची झाली होती, ते नाही.

इथपर्यंत सगळं सहन करण्याजोगं होतं. अडचण आली ती गोतमाऱ्यांच्या रीतीमुळे. त्यांच्याकडे असं मानतात की गेलेलं माणूस वर्षभरात घरच्यांच्या स्वप्नात येतं आणि काहीतरी मागतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी, पानं वाढायच्या आधी, प्रत्येकानं ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि मागितलं असेल ते द्यायचं. नवरा किंवा बायको सगळ्यांत शेवटी सांगणार, कारण त्यांच्याजवळचं मागणं सगळ्यांत वजनदार. रुपरावांच्या आजोबांनी तंबाखू मागितली होती. एका काकूनं चष्मा मागितला होता, तोही स्वतःचाच जुना, फक्त दांडी बदलून. काटोलला राहणारे थोरले बंधू गोपाळराव या विषयातले अधिकारी. त्यांचा निर्वाळा असा की माणूस सगळ्यांकडे जातं, फक्त ज्याच्यावर मन खट्टू असेल त्याच्याकडे जात नाही.

गोपिकाबाई सगळ्यांकडे जाऊन आल्या होत्या. मुलगी दामिनी हिच्याकडे त्यांनी हिरवं लुगडं मागितलं. माहेरच्याच गावात, कुहीला दिलेल्या धाकट्या बहिणीकडे, यमुताईंकडे, पोहे मागितले. गोपाळरावांकडे मोसंबीचा रस मागितला. भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, जन्मभर पदर सावरून उभी राहिलेली बाई मेल्यावर त्यांच्याशी इतकी मोकळी झाली होती. शेजारच्या कामिनीच्या स्वप्नात तर त्या दोनदा गेल्या, म्हणजे जाताना रुपरावांचं घर ओलांडूनच.

रुपरावांकडे मात्र कोणी आलं नाही. ते झोपायचे, उठायचे, आणि मधे काही नसायचं. वर्षश्राद्ध जवळ येत चाललं तसा त्यांचा चहा निवायला लागला. पंगतीसमोर आपली पाळी येणार, आपण म्हणणार की मला काही दिसलं नाही, आणि मग सगळे एकमेकांकडे बघणार. लोकांच्या बघण्याचं त्यांना तितकंसं नव्हतं. गोपिका खरंच आपल्यावर खट्टू होऊन गेली की काय, हा प्रश्न त्यांनी मनात पुरा उच्चारलाही नव्हता. अर्धाच उच्चारून ते दूरदर्शन संच लावत.

संचावर दामिनीची मालिका असे. दामिनी मिहानमधल्या एका कंपनीत गिऱ्हाइकांचे फोन घेई. लग्नाचा विषय तिनं बापाला समजेल अशा भाषेत दोनदा संपवला होता. सुटीच्या दुपारी ती जेवण करून आकाशात फिरणाऱ्या जहाजाची एक इंग्रजी मालिका हिंदीत लावून बसे. रुपराव तिला 'जहाजवाली' म्हणत. तिच्यात केबी नावाचा एक यंत्रमानव होता. रंगानं उजळ, केस नीट विंचरलेले, बोलायला अदबशीर. रुपरावांना तो कुठल्यातरी पतसंस्थेत कामाला असावा असं वाटे.

त्या केबीला एका भागात स्वप्न पडलं, आणि जहाजावर एकच धांदल उडाली.

"याले काहून सपन पडते?" रुपरावांनी विचारलं. ते सरळ होऊन बसले होते.

"पडतेच बाबा. प्रत्येक सिरियलीत मशीनले सपन पडते. आधी चालते, मंग बोलते, मंग फालतू जोक मारते, अन् लिहिणाऱ्याले काही सुचलं नाही का सपन पडते."

"पण कायले?"

"मंग ते माणसात जमा होते ना. नाहीतर त्याले कंपनीत वापस पाठवून राहिले होते."

म्हणजे यंत्राच्या बाबतीत स्वप्न हा रहिवासी दाखला होता. रुपराव विचारात पडले. केबी बॅटरीवर चालतो आणि त्याला स्वप्न पडतं. आपण भाकरीवर चालतो आणि आपल्याला पडत नाही. मग आपल्याला कोणत्या कागदावर माणसात धरलं आहे?

"अन् हा म्हणते मले सपन पडलं, तं सारे मानते? कोणी पाह्यलं नाही त्याचं सपन?"

"कसं पाहणार?"

"ढीग फोडून दाखवल्याबिगर कळमन्यात कोणी संत्र घेत नाही बाई."

"बाबा, मले दिवसातून दहा गिऱ्हाइकं विचारते, मॅडम, आप मशीन हो क्या? मी म्हणतो, नाही सर, मी दामिनी. तं म्हणते, मशीन भी यही बोलेगी." तिनं आवाज वाढवला. "आता पाहू द्या."

रुपराव पाहू लागले. केबी एका लांबलचक बोळातून चालला होता. बोळाच्या टोकाला दार. आत मार्था नावाची मेकॅनिक बसलेली. ती बाई त्याची देखभाल करायची आणि दोन भागांपूर्वी स्फोटात गेली होती. पाठमोरी बसून ती स्क्रू निवडत होती. दुपार होती, जेवण झालं होतं, डोक्यावर पंखा होता. रुपरावांना एवढं पक्कं आठवत होतं की केबीचं स्वप्न आपण पाहिलं. आणि त्याच संध्याकाळी मोरीत पाय धुताना त्यांना सुचलं की मालक हजर नसलेल्या मालाची बोली पुकारायला काय हरकत आहे. पंगतीतलं कोणी जहाजवाली बघत नाही. केबी तक्रार करायला पारडीपर्यंत येणार नाही.

वर्षश्राद्धाला घर भरलं. पोहे झाले, लुगडं झालं, मोसंबीच्या रसाचा पेला तसबिरीसमोर ठेवून झाला. गोपाळराव पाटावर अध्यक्षासारखे बसले होते. त्यांनी धाकट्या भावाकडे मान वळवली.

"बोल गा रुपा. तुह्याकडे आली होती का वहिनी?"

लहान भावाच्या बायकोलाही गोपाळराव वहिनीच म्हणत; ते कुणाला समजलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

रुपराव खाकरले. कळमन्यातला आवाज आपोआप लागला. "लंबा बोळ होता. बोळाच्या टोकाले निळं दार. दार अर्धं उघडं. आतमधी ते बसून होती, पाठमोरी. बुचडा बांधलेला. काहीतरी निवडून राहिली होती. मी दारात उभा. तिनं मागं पाह्यलं नाही. म्हणे, दार लोटू नको."

"मंग?"

"मंग काही नाही. जागलो."

कुणी काही बोलायच्या आत यमुताईंच्या हातातला पोह्याचा डबा खाली आला. त्या रडत नव्हत्या. त्या रुपरावांकडे असं बघत होत्या की जणू हा माणूस आत्ताच दारातून आत आला आहे.

"भाऊजी, दार कोणत्या रंगाचं म्हणता?"

"निळं."

"हे ताईचं सपन होय." यमुताई सगळ्यांकडे वळल्या. "तिले नेहमी पडे. कुहीच्या घराचं निळं दार, आतमधी आमची माय पाठ करून लाखोळीची डाळ निवडून राहिली, अन् म्हणते, दार लोटू नको. फोनवर सांगे मले ताई. भाऊजींनी तं ते दार पाह्यलंच नाही. यांचं लगन व्हायच्या आधीच बाबांनी ते काढून टिनाचं लावलं."

केबीच्या मालावर आपण बोली लावली आणि ढिगाखालून गोपिकेचं संत्रं निघालं, हा प्रकार रुपरावांच्या कळमन्याच्या कारकिर्दीत बसणारा नव्हता.

गोपाळरावांनी मात्र निकाल द्यायला वेळ लावला नाही. "मागितलं ते द्या लागते. दार उघडं ठेव. पितृपक्षापर्यंत."

"दिवसभर?"

"तिनं काही टाइम सांगितला का?"

"नाही."

"मंग झोपेपर्यंत."

"अन् मच्छर, दादा?"

"मच्छराचं आपलं आपण पाह्याचं. तिले काय सांगतं?"

पाहुणे पांगल्यावर दामिनीनं बापाला स्वयंपाकघरात गाठलं. ती पातेली घासत होती, त्यामुळे तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"बाबा, ते केबीचं सपन होय ना?"

रुपरावांनी ओट्यावरचा पेला उचलला, खाली ठेवला. "तुले कसं समजलं?"

"बोळ, दार, पाठमोरी बसलेली बाई, निवडणं. दुसरं कोणाचं असन?"

"मले काही पडलंच नाही, तं काय सांगू?" त्यांचा आवाज एवढा लहान झाला की तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "साऱ्यांकडं गेली ते. माह्याकडं नाही आली. तुही माय माह्यावर नाराज होऊन गेली का वं?"

दामिनीनं नळ बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून घराचं दार उघडं राहू लागलं. या दाराला आतून दोन कड्या आणि एक आडणा होता आणि घरात असताना तिन्ही लावायची रुपरावांची सवय होती. आता आधी धूळ आली. मग कामिनीची शेळी आली, आणि शेळी शोधत कामिनी आली आणि चहा पिऊन गेली. पाणी गाळायचं यंत्र विकणारा एक तरुण कुणी अडवलं नाही म्हणून थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. एका कुत्र्यानं उंबऱ्यावर बसून घेतलं आणि आल्यागेल्याची हजेरी घ्यायला सुरुवात केली. कळमन्यातले जुने हमाल जाता-येता डोकावू लागले, "काहून गा रुपरावभाऊ, दार काहून उघडं?" रुपराव प्रत्येकाला सांगत, "गरम होते."

रोज दुपारी यमुताईंचा फोन येई. "भाऊजी, दार उघडं आहे ना?" "आहे." "ताई तुमच्याकडंच आली पाहा शेवटी. आमच्याकडं पोहे मागाले आली, तुमच्याकडं मनातलं बोलली." रुपराव फोन ठेवत आणि कुत्र्याकडे बघत बसत. पोह्यांच्या जागी यमुताईंनी आता हे दार धरलं होतं, आणि ते दार एका यंत्राचं होतं. आपल्या बायकोच्या बहिणीला आपण बनावट माल विकला. शेवटी त्यांनी ठरवलं, कुहीला जायचं आणि तोंडावर सांगून टाकायचं.

"थांबा," दामिनी म्हणाली. "जायच्या आधी एकदा पाहून घ्या काय सांगणार आहा ते."

रविवारी दुपारी तिनं तो भाग पुन्हा लावला. बोळ आला. केबी चालत गेला. टोकाला दार आलं.

ते करड्या पत्र्याचं होतं. वरून गोल, मधे दिवा. केबी जवळ जाताच ते सुस्कारा टाकून आपोआप भिंतीत शिरलं. आत मार्था बसली होती, पाठमोरी, नारिंगी डगला घालून. तिचे केस नुकताच नवस फेडून आल्यासारखे बारीक कापलेले. समोर स्क्रूचा ढीग. ती निवडत राहिली. संगीत वाजलं. तिनं मागं पाहिलं नाही आणि ती एक शब्दही बोलली नाही. केबी जागा झाला.

"हा एपिसोड दुसरा आहे," रुपराव म्हणाले.

"बाबा, साऱ्या सिरियलीत त्याले एकच सपन पडलं आहे."

"मागं घे."

तिनं मागं घेतलं. करडं दार पुन्हा भिंतीत शिरलं.

"निळं होतं बाई. मी पाह्यलं ना. लाकडाचं. अर्धं उघडं. अन् ते बोलली."

"या जहाजावर लोटता येईल असं दारच नाही बाबा. सारी अशीच आहे."

"अन् बुचडा?"

दामिनीनं चित्र थांबवलं. मार्थाची मान पडद्यावर गोठली. बुचडा बांधायचा तर कशाचा? "बाबा, त्या दिवशी हा सीन आला तेव्हा तुमी घोरून राहिले होते. मंग मी अजून आवाज वाढवला."

"मी घोरत नाही."

"कामिनीले विचारा."

पडद्यावर मार्था, भिंतीवर गोपिकेची तसबीर, उंबऱ्यावर कुत्रं, तिघंही रुपरावांकडे पाठ करून किंवा तोंड करून थांबले होते. त्यांनी हिशेब मांडून पाहिला. ते दार गोपिकेनं कधीतरी चहाबरोबर सांगितलं असेल, आपण "हं" म्हटलं असेल, दुपट्टा टाकताना ते आत कुठंतरी पडून राहिलं असेल. म्हणजे ती आली वगैरे नाही, ती आधीच सांगून गेली होती. नाहीतर मग आपल्याला खरंच झोप लागली, आणि खरंच काहीतरी दिसलं. ही गोष्ट इतकी नवी होती की त्यांना ती दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखी वाटली. पण दिसलं ते तरी कोण? गोपिकेच्या स्वप्नात तिची आई पाठमोरी असायची. केबीच्या स्वप्नात मार्था. आपल्याला दिसली ती पाठ त्या आईची, मार्थाची की गोपिकेची? पाठीवरून ओळखायला माणसाकडे आधी नीट बघितलेलं असावं लागतं. गोपिका त्यांच्या पाठीला सांगायची, ते तिच्याकडे पाठ करून ऐकायचे.

"कळमन्यात असं होते," ते हळूच म्हणाले. "बोली तं ऐकू येते, पण हात कोणाचा ते दिसत नाही. मंग पुन्हा विचारा लागते, बोली कोणाची?"

"अन् कोणी बोललं नाही तं?"

"तं मागच्या बोलीवर या लागते."

"मागची कोणाची होती?"

"तेच तं समजून नाही राहिलं ना बाई."

फोन वाजला. यमुताई. दामिनीनं तो उचलून बापाच्या हातात दिला आणि भुवई उडवली. कळमन्यात त्या भुवईचा अर्थ 'पुकारा' असा झाला असता.

"भाऊजी, दार उघडं आहे ना?"

रुपरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "यमुताई, एक सांगू का? ते सपन माहं आहे का कोणाचं आहे, मले पक्कं सांगता येत नाही."

यमुताई म्हणाल्या, "पोह्याचंही तसंच आहे भाऊजी. मले भूक लागली होती का ताई आली होती, आता काय सांगू. पण दार तं आमचंच होय."

"हो. दार तुमचंच."

"मंग झालं."

काय झालं, हे रुपरावांना कळलं नाही. पण कुहीला जायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि उन्हात लोळणाऱ्या कुत्र्याकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. दामिनीची त्या रविवारी संध्याकाळची पाळी होती. तिनं संच बंद केला, पर्स घेतली, चपला घातल्या. बाप खुर्चीत मान टाकून बसला होता, डोळे मिटलेले. झोपला असेल म्हणून ती आवाज न करता बाहेर पडली आणि सवयीनं दाराला हात घालून ते ओढू लागली.

"दार लोटू नको."

दामिनी थांबली. कुत्र्यानंही मान वर केली.

"बाबा?"

रुपरावांनी डोळे उघडले. "काय वं?"

"आता कोण बोललं?"

रुपरावांनी खोलीभर नजर फिरवली. हात वर केलेलं कुणी दिसलं नाही.

"मले काय मालूम," ते म्हणाले. "राहू दे उघडं."